सदश्व कोण घडवितो?

कठोपनिषदातील रथाचे रूपक आपणां सर्वांस परिचित आहे. शरीर हा रथ, आत्मा रथाचा स्वामी, बुद्धी सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे. ज्याचे मन आवरलेले नाही त्याची इंद्रिये दुष्ट अश्वांप्रमाणे उधळतात. ज्याचे मन स्थिर आहे त्याची इंद्रिये चांगल्या अश्वांप्रमाणे, म्हणजे सदश्वांप्रमाणे, सारथ्यास वश राहतात, असे यमधर्म नचिकेत्यास सांगतो. ह्या रूपकावर आजवर मी पुष्कळ प्रवचने ऐकली. प्रत्येक प्रवचनकाराने सारथ्याविषयी सांगितले, लगामाविषयी सांगितले, रथाच्या स्वामीविषयी तर फारच सांगितले. घोड्यापाशी मात्र कोणी थांबल्याचे मला स्मरत नाही. रूपकात घोड्याचे काम ठरलेले असते. त्याने वश व्हावयाचे.

माझी शंका एवढीच की, सदश्व हा सदश्व म्हणून जन्मास येत नाही. रथास जुंपण्यापूर्वी त्यास कोणीतरी शिकविलेले असते. ते शिकविणे कसे घडते, एका मुक्या प्राण्यास आपल्या इच्छेप्रमाणे पाऊल उचलावयास लावणे ह्यात न्याय कोठे संपतो आणि जबरदस्ती कोठे सुरू होते, हा विचार मला फार दिवस छळीत आला आहे. उपनिषदाचा अर्थ लावण्याचा माझा अधिकार नाही. मला येथे घोड्याविषयीच लिहावयाचे आहे. आणि लिहिता लिहिता माणसाविषयी चार शब्द आलेच तर वाचकांनी ते गोड मानून घ्यावेत.

१९६० च्या सुमारास आम्ही ग्वाल्हेरला लष्करात राहत असू. शहरात तेव्हा टांगे पुष्कळ होते. आमच्या घरामागे एक मोकळे आवार होते आणि तेथे एक वृद्ध गृहस्थ टांग्याची घोडी शिकवीत. तरुणपणी ते संस्थानी पागेत चाकरीस होते. संस्थाने गेली, पागा गेल्या, परंतु हातातली विद्या राहिली होती. आम्ही मुले त्यांस चाबुकस्वार आजोबा म्हणत असू. 'चाबुकस्वार' हा आपल्या भाषेतील जुना शब्द आहे; घोडा शिकवून तयार करणारा तो चाबुकस्वार. शिकविणाऱ्याचे नावच चाबकावरून पडावे, ह्यात त्या धंद्याचा सारा इतिहास आला. आजोबांपाशीही चाबूक होता. तो ते कमरेस खोवीत, कधी लांब हात म्हणून पुढे धरीत, आणि एकदा त्यांनी तो रागाने ओढलेलाही मी पाहिला आहे. त्यांस संत करून दाखविण्याची माझी इच्छा नाही.

त्यांची सारी शिकवण जमिनीवरची होती. घोड्याच्या पाठीवर बसण्यापूर्वी किंवा त्यास टांग्यास जुंपण्यापूर्वी कित्येक दिवस ते त्याच्या शेजारी नुसते उभे राहून काम करीत. तोंडात लोखंडी कडियाळे नाही. केवळ सुती मोरखी आणि तिला बांधलेली लांब दोरी. पहिला पाठ म्हणजे उभे राहणे. मनुष्य उभा, घोडा उभा, दोरी सैल. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु माणसाच्या शेजारी काही न करता, न भिता उभे राहणे हे शिंगरास फार अवघड जाते, आणि खरे सांगावयाचे तर माणसासही जाते. दुसरा पाठ चालण्याचा. मनुष्य घोड्याच्या खांद्याशी चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. घोड्याने दोरी ताणू नये आणि माणसानेही ताणू नये, एवढेच त्यात साधावयाचे असते. तिसरा पाठ मागे सरण्याचा. छातीवर किंवा नाकाडावरील मोरखीवर बोटांनी किंचित दाब द्यावयाचा आणि घोड्याने एक पाऊल मागे घेतले की तत्क्षणी हात काढून घ्यावयाचा. मग पुठ्ठा वळविणे: बरगड्यांच्या मागे कुशीवर बोट टेकावयाचे, आणि घोड्याने मागचा पाय दुसऱ्या पायापुढून टाकून अंग बाजूस नेले की बोट उचलावयाचे. पुढे खूर उचलून देणे, पोते किंवा उघडलेली छत्री पाहून न बुजणे, आणि शेवटी लांब दोरीवर गोल फिरणे.

ह्या गोल फिरविण्यास आपल्याकडे 'कावा' असा शब्द आहे. आज कावा म्हटले की कपट किंवा फार तर गनिमी कावा एवढेच आठवते; परंतु घोड्यास मंडलाकार फिरविणे हाही त्या शब्दाचा एक जुना अर्थ आहे. ही रीत किती प्राचीन असावी! तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडलेल्या मातीच्या विटांवर किक्कुली नावाच्या मितन्नी देशाच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथ कोरलेला आहे. तो इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. भाषा हित्ती, परंतु घोड्याच्या फेऱ्यांची नावे मात्र आपल्या कानास ओळखीची वाटतात. एक, तीन, पाच, सात, नऊ ह्या संख्यांना 'वर्तन' हा शब्द जोडून ती बनलेली आहेत. तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ मनुष्य मध्ये उभा आहे आणि घोडा त्याच्याभोवती फिरतो आहे.

आता ह्या पाठांतील मर्म सांगतो. मला ते दहाव्या वर्षी आजोबांच्या बोलण्यातून कळले. शास्त्रज्ञ त्यावर काय म्हणतात हे पुष्कळ पुढे वाचले. त्या वर्षी एक तांबूस घोडी त्यांच्याकडे आली होती. ती टांग्याच्या दांड्यांत उभीच राहत नसे. मागच्या पायांवर चढे. आजोबांनी पंधरा दिवस तिला टांगा दाखविलाच नाही. एके दुपारी त्यांनी दोरी माझ्या हाती दिली आणि तिला एक पाऊल मागे घ्यावयास सांग म्हणाले. मी मोरखीवर दाब दिला. घोडीने मान वर केली, कान मागे पाडले, आणि मग खरोखरच एक पाऊल मागे घेतले. मला इतका आनंद झाला की मी आणखी जोराने रेटू लागलो. घोडी थबकली आणि उलट माझ्याच अंगावर चालून आली. आजोबांनी दोरी काढून घेतली. "तिने दिले होते, तू घेतले नाहीस," ते म्हणाले. "आता ती का देईल?"

घोडा दाबाने शिकत नाही. तो दाब सुटल्याने शिकतो. दाब हा नुसता प्रश्न असतो, आणि उत्तर बरोबर आले हे घोड्यास हात सुटल्यानेच कळते. हात क्षणभर उशिरा सुटला तर भलतेच उत्तर बरोबर ठरते. घोडा मान झटकीत असता हात सुटला तर तो मान झटकावयास शिकतो. मनुष्य मग त्यास दुष्ट म्हणतो. मला वाटते, जगात ज्यांस दुष्ट अश्व म्हणतात त्यांतील पुष्कळ ह्याच रीतीने घडलेले असतात. आणि हात मुळीच सुटला नाही तर काय होते? त्याचेही उदाहरण त्याच आवारात होते.

तो एक पांढरा घोडा होता. कोणी तो आजोबांकडे विकावयास आणून बांधला होता. आम्ही मुले त्याच्या पोटाखालून जात असू, शेपटी ओढीत असू; तो हलत नसे. येणारे-जाणारे म्हणत, काय गरीब जनावर आहे! मीही एकदा म्हणालो, "आजोबा, हा किती शहाणा आहे नाही?" आजोबांनी त्याच्या डोळ्यासमोर हात हलविला. पापणी लवली, पण कान हलला नाही. "बाळ, हा शहाणा नाही," ते म्हणाले. "हा विझला आहे." त्यास पूर्वी कोणीतरी पाय बांधून, खाली पाडून वश केले होते असे त्यांनी सांगितले. आजोबांनी त्याच्यावर बरेच दिवस घालविले. फारसा उपयोग झाला नाही. तांबडी घोडी लाथ मारी, कान पाडी, पुढे येई, मागे जाई. म्हणजे ती काहीतरी म्हणत होती. पांढऱ्याने म्हणणेच सोडले होते.

पाय बांधून घोडा वश करण्याची ही रीत एके काळी युरोपात मोठी दयाळू म्हणून गाजली होती. अमेरिकेच्या ओहायो प्रांतातील जॉन सॉलोमन रेरी हा गृहस्थ १८५८ साली इंग्लंडात होता. क्रूझर नावाचा एक अत्यंत मारका घोडा त्याने काही तासांत मवाळ करून दाखविला; व्हिक्टोरिया राणीसमोर त्याचे प्रयोग झाले. चाबकाने झोडून काढण्याच्या त्या काळात रेरी घोड्यास मारीत नसे, हे खरे. तो पुढचा एक पाय वाकवून पट्ट्याने बांधी, मग दुसरा. घोडा झगडून झगडून थके आणि खाली बसे. मग रेरी त्याच्या सर्वांगावरून हात फिरवी, गोड बोले, त्यास चुचकारी. लोकांनी शेवटचा गोड हात पाहिला आणि टाळ्या वाजविल्या. रेरीच्या मनात दया नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याचा प्रतिकार आधी संपविला आहे, त्याच्याशी पुढे गोड वागणे ह्यास दया म्हणावे काय? विजेत्याचे औदार्य म्हणावे फार तर. घरात, शाळेत, कचेरीत, राज्यकारभारात अशा गोड हाताची उदाहरणे वाचकांस सहज आठवतील.

ह्याच्या पुष्कळ आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, झेनोफोन ह्या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यात रागाच्या भरात घोड्यापाशी जाऊ नये, असे त्याने बजाविले आहे. रागास पुढचे दिसत नाही आणि मनुष्य मग पश्चात्ताप होईल असे करून बसतो. शिंगरास गर्दीतून न्यावे, नाना आवाजांची व वस्तूंची ओळख करून द्यावी, आणि ते भ्याले तर मारून नव्हे, समजावून त्या वस्तूजवळ न्यावे, असे तो सांगतो. आणि त्याचे एक म्हणणे तर मला नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभावे असे वाटते: बळजबरीने घोडा जे करतो ते न समजता करतो, आणि नर्तकास चाबकाने नाचविल्यावर जेवढे सौंदर्य त्यात असेल तेवढेच ह्यातही असते. हे लिहिणारा मनुष्य रणांगणावरचा होता, हे विसरू नये. त्यास घोडा कामासच हवा होता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळावयाचा नाही. कोणी म्हणेल, तुमचे हे बोट टेकणे आणि उचलणे हीदेखील सक्तीच. फक्त तिने मऊ कपडे घातले आहेत. घोड्याने नाही म्हटले तर तुम्ही बोट काढता काय? नाही; तो हो म्हणेपर्यंत ठेवता. मग रेरीचा पट्टा आणि तुमचे बोट ह्यांत अंतर किती? प्रमाणाचेच ना?

हा आक्षेप पोकळ नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि इंग्लंडात घोड्याशी घोड्याच्या भाषेत बोलण्याची एक पद्धत फार लोकप्रिय झाली. गोल कुंपणात घोडा मोकळा सोडावयाचा, मनुष्याने मध्ये उभे राहून त्यास फिरत ठेवावयाचे, आणि घोड्याने कान वळविला, मान खाली केली की पाठ फिरवून शांत उभे राहावयाचे. मग घोडा आपण होऊन माणसापाशी येतो, आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. हा विश्वास आहे, हे प्रेम आहे, असे म्हटले गेले. २०१२ साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाच्या जागी दुरून चालविता येणारी खेळण्यातील एक मोटार ठेवली. घोडा दूर असता मोटार त्याच्या मागे लागे; तो तिच्याकडे वळला की ती थांबे. घोडे मोटारीकडे तोंड वळवू लागले, तिच्यापाशी जाऊ लागले. आता मोटारीवर कोणाचे प्रेम बसणार? दाब आणि सुटका ह्यांनी जे घडते ते घडले. हे वाचले त्या रात्री मी अस्वस्थ झालो होतो. आजोबांच्या अंगणात मी जे पाहिले तेही एवढेच होते काय?

पुष्कळ विचारानंतर मला जे वाटते ते सांगतो. त्या प्रयोगाने आपला एक गैरसमज दूर केला, तो बरा झाला. घोडा आपणांपाशी आला एवढ्यावरून तो आपल्यावर प्रेम करतो, असे धरून चालण्याचा आपणांस हक्क नाही. आज्ञापालनावरून शिकविणाऱ्याच्या चांगुलपणाचा काहीच पुरावा मिळत नाही. पट्ट्यानेही आज्ञापालन मिळते, मोटारीनेही मिळते. मग पुरावा कोठे शोधावयाचा? शिकणाऱ्यास काय शिकविले गेले, तेथे.

१९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर ह्या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले की त्यांनी काहीही केले तरी ते थांबत नसत. पुढे जेथे सहज उडी मारून सुटता आले असते तेथेही त्यांतील पुष्कळ कुत्री पडून राहिली. हे प्रयोग क्रूर होते. आज ते वाचवत नाहीत. त्यास शिकलेली असहायता असे नाव पडले. आश्चर्य असे की, जवळजवळ अर्ध्या शतकाने, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून आपले म्हणणे उलटे केले. असहायता ही शिकावी लागत नाही, असे ते आता म्हणतात. दीर्घ त्रासात निपचित पडणे हीच प्राण्याची मूळची प्रतिक्रिया. शिकावे लागते ते हे की, माझ्या करण्याने काही बदलते.

हे वाचल्यावर मला बोट आणि पट्टा ह्यांतील अंतर दिसले. ते केवळ प्रमाणाचे नाही. कुशीवर बोट टेकले, घोडीने पाय टाकला, बोट उचलले गेले: ह्यात घोडी आज्ञा पाळावयास शिकते हे खरेच, पण त्याबरोबर तिला हेही कळते की माणसाच्या हातावर तिची सत्ता चालते. तिच्या एका पावलाने तो हात दूर होतो. पट्ट्यात बांधलेल्या घोड्याच्या कोणत्याही हालचालीने काहीही होत नाही. एकास शिकविले गेले की तुझे म्हणणे पोचते. दुसऱ्यास, की ते पोचत नाही. वरून दोघेही सारखेच शांत दिसतात. पाहुणे दोघांसही सदश्व म्हणतील.

म्हणूनच जमिनीवर उभे राहण्याचे महत्त्व मला वाटते. पाठीवर बसलेल्यास घोड्याचे कान दिसतात, पण डोळा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, नाकपुडी ताणलेली आहे की सैल हे दिसत नाही. जमिनीवरच्या माणसास हे सर्व दिसते, आणि त्याचे पाऊल घोड्याच्या खुराच्या टप्प्यात असते. उंची त्याने सोडलेली असते. चुकीची किंमत त्यासही द्यावी लागते. शिवाय घोडा त्यास पाहत असतो, तो किती पाहतो ह्याची आपणांस कल्पना नसते. बर्लिनमधील हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो खुराने ठोके देऊन बेरीज-वजाबाकी सांगे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनी दाखवून दिले की हान्सला गणित येत नव्हते. उत्तराचा ठोका पडताच प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई आणि हान्स ते पाहून थांबे. विचारणाऱ्यास स्वतःलाच हे ठाऊक नव्हते. लोक म्हणाले, घोड्याचे बिंग फुटले. मला वाटते, बिंग माणसाचे फुटले. आपल्या देहावर आपल्या मनातले किती उमटते, हे माणसांच्या मोठमोठ्या समितीस दिसले नव्हते ते एका घोड्यास दिसत होते. अशा प्राण्यापुढे मनात राग ठेवून हात मऊ ठेवण्याचे नाटक फार वेळ चालत नाही.

मी स्वतः पुढे शिक्षक झालो. घोड्यांकडून जे पाहिले होते ते मुलांपुढे उभा राहिल्यावर आठवावयास हवे होते. ते आठवले नाही. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. तपासणीस आलेल्या साहेबांनी त्याबद्दल शेरा लिहिला होता आणि तो मी कितीतरी वर्षे अभिमानाने सांगत असे. त्याच वर्गात एक मुलगा होता. त्याने एकदा एक गणित मी शिकविलेल्या रीतीहून निराळ्या रीतीने सोडविले. उत्तर बरोबर होते. मी त्याच्या हातावर छडी मारली, कारण रीत माझी नव्हती. तो रडला नाही. त्यानंतर त्याने वर्गात हात वर केला नाही. विचारले तर सांगे, माझ्याच रीतीने सांगे. मी समजलो की मुलगा सुधारला. वीसएक वर्षांनी तो मला बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्या वर्गात शिस्त मोठी होती हो." त्यात उपरोध नव्हता. तेच मला लागले. मला त्या क्षणी पांढऱ्या घोड्याचा न हलणारा कान आठवला. त्याची क्षमा मागावी असे मनात आले, पण भर रस्त्यात शब्द सुचले नाहीत, आणि पुढे तो भेटला नाही.

महाभारतात द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे आणि क्षणाक्षणाचे मोल आहे. घोडे बाणांनी विद्ध झालेले, तहानेने व्याकूळ. अशा वेळी श्रीकृष्ण रथ थांबवितो. अर्जुन पायउतार होऊन शत्रूस थोपवितो, बाणाने भूमी भेदून जलाशय निर्माण करतो, आणि कृष्ण घोडे सोडतो. त्यांच्या अंगातील बाण काढतो, त्यांस स्वतःच्या हातांनी चोळतो, पाणी पाजतो, लोळू देतो, खाऊ घालतो, आणि मगच पुन्हा जुंपतो. शत्रुसैन्य हे पाहून थक्क होते. गीता सांगणारा सारथी आपण चित्रांत नेहमी रथावर बसलेला पाहतो. खाली उतरून घोड्याच्या अंगातला बाण उपटणाऱ्या कृष्णाचे चित्र मी कोठल्या दिनदर्शिकेवर पाहिलेले नाही. नळराजास अश्वहृदय ठाऊक होते असे म्हणतात. अश्वाचे हृदय ही विद्या असते, ह्या कल्पनेनेच मी कित्येकदा हरखून गेलो आहे.

वारीतील रिंगणही येथे आठवते. अंकलीच्या शितोळे सरदारांचे नाव आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या मंडळींस नवीन नाही. बेळगाव जिल्ह्यातील त्या अंकलीहून अश्व पायी आळंदीस येतात आणि माउलींच्या पालखीपुढे चालतात. रिंगणात पताका घेतलेल्या स्वाराचा अश्व धावतो आणि त्याच्याबरोबर माउलींचा अश्व धावतो, ज्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. सभोवार सहस्रावधी माणसे, टाळ-मृदंगांचा कल्लोळ, आणि त्यातून रिकाम्या पाठीचा घोडा गोल धावत जातो. लोक खुरांखालची माती कपाळास लावतात. मी एकदाच पाहिले आणि माझे लक्ष, खोटे कशाला सांगू, त्या घोड्याच्या कानांकडे होते. ज्यांनी कोणी त्यास हा कल्लोळ हळूहळू ओळखीचा करून दिला असेल, त्या मोतद्दाराचे नाव त्या गर्दीत कोणास ठाऊक असणार?

तांबड्या घोडीची हकीकत राहिली. महिनाभरात ती इतकी सुधारली की बोट दाखविले तरी अंग वळवी. टांग्यास जुंपली, शांत उभी राहिली. टांगेवाला पैसे देऊन तिला घेऊन गेला. मी आजोबांना विचारले, "ती आता सुखी होईल ना?" ते काही बोलले नाहीत.

उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर बाजारातून येत होतो. चढावर एक टांगा उभा होता. आत सहा माणसे आणि धान्याची दोन पोती. घोडी आमचीच होती. पूर्वी ती असल्या ओझ्याखाली दोन पायांवर उभी राहिली असती आणि टांगेवाल्यास उतारू उतरवावे लागले असते. आता त्याने दोरी किंचित हलविताच तिने मान खाली घातली आणि खूर रोवून ओढू लागली. तिला नाही म्हणावयाचे विसरविले होते ते आजोबांनीच, मऊ हाताने, एकदाही चाबूक न मारता. माझ्या मनात आजवर जी शंका आहे ती त्या चढावर उभी राहिली. चांगले शिकविलेले घोडे वाईट हातात पडते तेव्हा त्याच्या चांगुलपणाचाच फास होतो. ज्यास बुजणे, झटकणे, उभे राहणे येते त्यास निदान एवढे तरी शस्त्र असते. शिकविणाऱ्याने ते काढून घेतले आणि पुढचा हात निवडणे त्याच्या सत्तेत नव्हते. ह्यास उत्तर म्हणून कोणी सांगेल की, न शिकलेल्या घोडीस टांगेवाल्याने मारून मारून शिकविलेच असते. तेही खरे आहे. दोन्ही खरे आहेत, आणि एकाने दुसरे खोडले जात नाही.

आजोबा टांगेवाल्यापाशी गेले आणि त्यास बरेच काही बोलले. टांगेवाला हसला, त्याच्या घरी पाच खाणारी तोंडे होती, त्याचाही इलाज नव्हता. दोन उतारू उतरले. त्या दिवसापासून आजोबा रोज संध्याकाळी टांग्याच्या अड्ड्यावर जाऊ लागले. मी कित्येकदा त्यांच्या मागे जाई. घोडीस ते कधी गूळ देत, कधी नुसतेच शेजारी उभे राहत, नाल पाहत, मानेखालचा घाम पुसत. निघताना तिच्या कुशीवर एक बोट टेकीत. घोडी मागचा पाय टाकून एक पाऊल बाजूस होई, आणि पाऊल जमिनीस लागण्याच्या आत ते बोट उचलीत.